न दिसलेला कप्पा

"आहे," मी म्हटलं. "बॅकअप आहे, डॉक्टर. काळजी नको. तासाभरात सगळं जागेवर येईल." फोन खांद्यात दाबून धरला होता आणि दोन्ही हात कीबोर्डवर होते. पलीकडून डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "नक्की ना? मग मी बाटली लावायला सांगते." आणि मी म्हटलं, "नक्की." किती सहज निघाला तो शब्द, जांभई निघावी तसा! सकाळी हॉस्पिटलच्या मुख्य सर्व्हरच्या दोन डिस्क एकापाठोपाठ बंद पडून बसल्या होत्या. एक बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, दोन बसल्या म्हणजे कारभार आटोपला. पण मी घाबरले नव्हते. उलट मला जरा बरंच वाटत होतं. एरवी तळघरातल्या या खोलीकडे कुणी ढुंकून बघत नाही, आज मजल्यामजल्यावरून मला फोन येत होते, लोक अजिजीने बोलत होते, आणि मी सगळ्यांना धीर देत होते. रोज पहाटे बॅकअप होतो. रोज सकाळी माझ्या स्क्रीनवर हिरवी खूण येते आणि खाली एक ओळ: काम पूर्ण, चूक नाही. त्या ओळीकडे बघत मी चहाचा पहिला घोट घेते. इतकी वर्षं घेते आहे.

डॉक्टरबाईंनी विचारलं ते उगाच नव्हतं. वर रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात एक शाळेतल्या बाई आहेत. त्यांच्या रक्ताच्या मूळ पेशी मागेच काढून आमच्या तळघरातल्या टाक्यांत गोठवून ठेवल्या होत्या. आता त्यांना एक जालीम औषध द्यायचं, तीन बाटल्यांतून, एकीनंतर एक. ते औषध हाडांतलं वाईट मारतं आणि चांगलंही मारतं, त्याला निवड नाही. पहिल्या दोन बाटल्यांपर्यंत शरीर कसंबसं सावरतं. तिसरी गेली की संपलं, मग ते शरीर स्वतःचं रक्त बनवू शकत नाही. मग त्या गोठवलेल्या पेशी परत दिल्या तरच माणूस राहतं. टाक्यांत अशा लोकांच्या शेकडो पिशव्या आहेत. पिशवीवर नाव नसतं, नंबर असतो, आणि कुठला नंबर कुठल्या टाकीत, कुठल्या फळीवर, कुठल्या खणात, हे फक्त कॉम्प्युटरला ठाऊक असतं. म्हणून डॉक्टरबाईंनी विचारलं. आणि मी म्हटलं, नक्की.

बॅकअप परत चढवून झाला तेव्हा होईलरावांनी टाळी वाजवली. होईलराव म्हणजे माझे जोडीदार, शेजारच्या टेबलावर बसतात, कुठलंही काम सांगा, "होईल हो" म्हणतात, आणि त्यातलं निम्मं होतं. पेशंटची नावं आली, बिलं आली, एक्स-रे आले, औषधांचा साठा आला. फोन थंडावले. मग मी टाक्यांचं पान उघडलं. खरं तर नुसतं बघायला, जाता जाता. पान उघडलं, वरची निळी पट्टी आली, टाकी, फळी, खण, नंबर असे मथळे आले, आणि त्यांच्या खाली पांढरं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत: एकही नोंद नाही. मी पान बंद केलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं. लिफ्ट येत नाही म्हणून माणूस बटण दाबत राहतो, तशी दाबत राहिले. कानाच्या पाळ्या तापल्या. खोलीतल्या एसीचा आवाज, जो मला कधी ऐकू येत नाही, तो एकदम ऐकू यायला लागला. "अहो, इकडे या," मी म्हटलं. होईलराव आले, वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "कालच्या बॅकअपमध्ये गडबड झाली असेल," ते म्हणाले. "परवाचा घ्या ना. होईल."

परवाचा घेतला. त्यात नाही. त्याच्या आधीचा घेतला, त्यातही नाही. महिन्याअखेरचे वेगळे ठेवतो आम्ही, दुसऱ्या इमारतीत, आगीपासून सुरक्षित अशा कपाटात. ते एकेक करून उघडले, आणि प्रत्येकात तेवढीच एक गोष्ट नव्हती. एखाद्या दिवशी अर्धवट झाला असता तर समजू शकले असते, वीज गेली असेल, जागा संपली असेल. पण हा रोज अर्धवट होत होता, नेमाने, न चुकता, आणि रोज हिरवी खूण येत होती. एवढ्यात साहेब आले. आमचे साहेब तसे देवमाणूस, फक्त घाबरले की विनोद करतात. "काय म्हणतेय माझी साखर?" त्यांनी दारातूनच विचारलं. हे काय, ते सांगायला हवं. बॅकअप नीट झालाय की नाही हे अधूनमधून तो वेगळ्या मशीनवर चढवून तपासावं लागतं, आणि तपासायचं म्हणजे कुठलातरी एक पेशंट उघडून बघायचा. कुणाचं खाजगी कशाला बघा, म्हणून फार पूर्वी साहेब म्हणाले, माझंच बघा, माझी रक्तातली साखर सगळ्या ऑफिसला पाठ आहे. तेव्हापासून तो रिवाजच पडला. बॅकअप चढवायचा, साहेबांचा रिपोर्ट उघडायचा, साखरेचा आकडा दिसला की "साहेब, गोड आहे" असं म्हणायचं, सगळ्यांनी हसायचं, आणि तपासणी पास. इतक्या वर्षांत साहेबांच्या साखरेपलीकडे काही बघावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. "दिसतेय साखर," मी म्हटलं. "मग झालं की!" साहेब म्हणाले. मी त्यांना पांढरं पान दाखवलं. ते खुर्ची न बघताच बसायला गेले, आणि होईलरावांनी ती घाईने खाली सरकवली.

कारण सापडायला वेळ लागला नाही, कारणं नेहमी चटकन सापडतात. टाक्यांचा कारभार पूर्वी हाताने चालायचा. मग बाहेरच्या कंपनीकडून नवीन सोय घेतली, आणि त्या लोकांनी आपली माहिती आमच्या माहितीत न मिसळता स्वतःचा वेगळा कप्पा केला. एकाच कपाटात, पण वेगळी किल्ली. आमचा बॅकअप ज्या खात्याने चालतो त्या खात्याला ती किल्ली कुणी दिलीच नाही. कंपनीला वाटलं हॉस्पिटल देईल, हॉस्पिटलला वाटलं कंपनीने दिली असणार. आता कुणी म्हणेल, किल्ली नसेल तर बॅकअप अडायला हवा होता, ओरडायला हवा होता. नाही ना! त्याची रीतच अशी की ज्या कप्प्याची किल्ली नाही तो कप्पा त्याला बंद दिसत नाही, तो दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने तो जगातच नाही. म्हणून तो रोज पहाटे उठायचा, त्याला दिसतं तेवढं सगळं इमानेइतबारे उचलायचा, आणि खाली लिहायचा, काम पूर्ण, चूक नाही. तो खोटं बोलत नव्हता. हेच मला सहन होईना. खोटं बोलला असता तर दोन शिव्या घातल्या असत्या.

"वर सांगायला हवं," साहेब म्हणाले. "थांबा," मी म्हटलं, "आधी शोधून बघू. उगाच कशाला घाबरवायचं त्यांना? हातात काहीतरी येऊ दे, मग सांगू." साहेबांना ते पटलं, माणसाला असलं काही लगेच पटतं. ते कंपनीला फोन लावायला बाहेर गेले. मी मेलेल्या डिस्कमधून काही निघतं का ते बघायला लागले. एक डिस्क फिरायची, कण्हायची आणि थांबायची. दुसरी फिरतही नव्हती. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण स्क्रीनच्या कोपऱ्यातच ते असतं. पहिली बाटली संपली असेल. आता दुसरी. नळीतून थेंब पडतो, मग दुसरा पडतो, त्याला कुणी सांगितलेलं नाही की खाली काय झालंय. माझ्या जिभेला पत्र्याची चव आली होती. ही चव मला ओळखीची होती आणि कुठली ते आठवत नव्हतं, आणि मग आठवलं. हॉस्टेलच्या ऑफिसमधल्या फोनची. काळा जड फोन, मी तो इतका जवळ धरायची की बोलताना ओठ त्याच्या जाळीला लागायचे. दर रविवारी. "इकडे सगळं ठीक," आई म्हणायची, "तू अभ्यास कर." बाबा कुठेत? बाबा झोपलेत. पुढच्या रविवारी, बाबा जरा बाहेर गेलेत. त्याच्या पुढच्या रविवारी, बाबांना बोलवते ना, आणि मग खूप वेळाने बाबांचा आवाज, "काय गं, जेवतेस ना?" एवढंच, आणि त्या एवढ्याशा वाक्यात मध्येच थांबून त्यांनी घेतलेला श्वास. मी तो श्वास ऐकला होता. ऐकला आणि खाली लिहिलं, चूक नाही. शेवटचा पेपर झाला आणि दादा हॉस्टेलवर न्यायला आला. त्याचं भादरलेलं डोकं बघूनही मला कळलं नाही, मी म्हटलं, "काय रे, उन्हाळ्यासाठी का?" घरी गेले तर बाबांची कॉट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. सगळं उरकलं होतं. फुप्फुसांत पाणी झालं होतं, दोन महिने होतं. दादाला माहीत होतं, काकांना, शेजारच्यांना, दूधवाल्यालासुद्धा. "तुझे पेपर होते ना," आई म्हणाली. "म्हटलं, पेपर होऊ देत, मग सांगू."

मी आईशी भांडले नाही. भांडायला तोंडच नव्हतं, सगळं माझ्याच भल्यासाठी होतं ना! मला बाबांचं घड्याळ दिलं, चष्मा दिला, स्वेटर दिला. पण ते दोन महिने कुणाकडेच मागता येईनात. दादा सांगायला बसला तर दोन वाक्यांत संपायचं: दमायचे, बसून झोपायचे. मी कितीदा रात्री ते दोन महिने स्वतःच रचायला गेले, कॉट कुठे होती, खिडकीकडे तोंड होतं की दाराकडे, माझं नाव काढायचे का, आणि दर वेळी मथळे यायचे आणि खाली पांढरं. आता आई माझ्याकडेच राहते. चांगलं चाललंय आमचं. टीव्हीवरून भांडतो, मिठावरून भांडतो. त्यावरून कधीच नाही.

फोन वाजला तो आईचाच. ती रोज या वेळी करते. "जेवलीस का गं?" डबा पिशवीत तसाच होता. "हो." "आवाज असा काय येतोय?" "एसीचा आवाज आहे." "सगळं ठीक ना?" "हो आई," मी म्हटलं, "इकडे सगळं ठीक." आणि फोन ठेवला. ठेवला आणि हात तसाच फोनवर राहिला. तोच सूर होता. शब्दही तेच, पण शब्दांचं सोडा, सूर. जराही न हलणारा, मऊ, आईपणाचा सूर. सकाळी डॉक्टरबाईंना "नक्की" म्हटलं तो हाच, "आधी शोधू, मग सांगू" तोही हाच. मला इतकी वर्षं वाटायचं, मी त्या फोनच्या या बाजूची आहे. अगं बाई, तू केव्हा गेलीस त्या बाजूला? होईलराव काहीतरी सांगत होते, डिस्क दुरुस्तीवाले पंधरा दिवस म्हणतात, पण जोर लावला तर होईल. मी उठले. "कुठे?" "वर." "लिफ्ट येऊ द्या तरी." मी जिन्याने निघाले. पाय भराभर चालत होते, आणि प्रत्येक वळणावर मनात येत होतं, अजून पाच मिनिटं थांबले असते तर कदाचित सापडलं असतं. अजूनही मनात तेच!

वॉर्डाबाहेर बाकावर त्या शाळेतल्या बाईंचे यजमान बसले होते. मांडीवर घडी घातलेली शाल, पायाशी थर्मास. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून उठले. "तुम्ही कॉम्प्युटरवाल्या ना? डॉक्टर म्हणाल्या, खाली काही बिघाड झालाय, पण सगळं आहे. आहे ना?" मी त्यांच्याकडे बघितलं आणि दार ढकललं. आत बाई उशीला टेकून बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, हातात शब्दकोड्याचं पुस्तक, पेन्सिल दातांत. स्टँडवर बाटली नवी होती. डॉक्टरबाई नाडी बघत होत्या आणि सिस्टर नळीचं चाक सोडून नुकतीच मागे सरकली होती. "ही कितवी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तिसरी," सिस्टर म्हणाली. "आत्ताच लावली. का?" "बंद करा." "काय?" "बंद करा ना! पिशवी कुठे ठेवलीय ते आम्हाला माहीत नाही. बॅकअपमध्ये नाही. कुठल्याच नाही. मी सकाळी आहे म्हणाले, ते चूक होतं." सिस्टरने डॉक्टरबाईंकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी स्वतःच हात लांब करून चाक फिरवलं. थेंब थांबला, नळीच्या तोंडाशी एक लोंबकळत राहिला. "आपण बाहेर बोलू," डॉक्टरबाई दातओठ खात म्हणाल्या. "तुम्हाला कळलं केव्हा हे?" "दुसरी चालू होती तेव्हा." "आणि आत्ता सांगताय?" "हो." "बाहेर चला."

"बाहेर का?" बाई म्हणाल्या. पेन्सिल त्यांनी पुस्तकात ठेवली आणि पुस्तक मिटलं. वर्गात गोंगाट झाल्यावर आवाज न चढवता बोलणाऱ्या बाई असतात, त्यातल्या त्या. "माझंच आहे ना? इथेच बोला." यजमान दारात येऊन उभे होते, थर्मास हातात. मग मी सांगितलं, उभ्याउभ्याच, सर्व्हर, कप्पा, किल्ली, साहेबांची साखरसुद्धा. लपवायला काही शिल्लक राहू नये असं मला झालं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी आहे खाली," त्या म्हणाल्या, "फक्त कुठे ते कुणाला माहीत नाही." "हो." "माझा चष्मा घरात असाच असतो." त्या हसायला गेल्या आणि जमलं नाही. "यातलं किती गेलं माझ्यात?" डॉक्टरबाईंनी बाटली उजेडाकडे धरली. "थोडं." "थोडं म्हणजे? सावरेल का?" डॉक्टरबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. सावरलं तर सावरेल. नाहीतर चारपाच दिवसांत पेशी द्यायलाच लागतील." "मग शोधा," बाई मला म्हणाल्या. मी निघाले तशी पुन्हा हाक मारली. "आणि जे काय होईल ते येऊन मला सांगायचं. ह्यांना नाही. मला."

टाक्यांच्या खोलीत मी याआधी आत कधी गेलेच नव्हते, माझ्यासाठी त्या टाक्या म्हणजे स्क्रीनवरचे मथळे. माणसाच्या छातीएवढ्या उंच, धुण्याच्या मशीनसारख्या गोल. टाकीवाला, म्हणजे तिथला तंत्रज्ञ, ऐकूनच खाली बसला होता. "एकेक उचलून बघायची?" तो म्हणाला. "बाई, बाहेर काढली की गरम व्हायला लागते. वर बर्फ साचलेला, पुसल्याशिवाय नंबर वाचता येत नाही. आणि सगळ्या एकट्या त्यांच्याच नाहीत ना, बाकीच्या पण कुणाच्या तरी आहेत." डॉक्टरबाईंनी फोनवर परवानगी दिली आणि अटही घातली: दोन श्वासांत पुसायचं, वाचायचं, परत बुडवायचं. नाही वाचता आलं तर सोडायचं, हट्ट करायचा नाही. बाईंचा नंबर वरच्या केसपेपरवर होता, तो मी हातावर लिहून आणला होता. मग आम्ही सुरुवात केली. टाकीवाल्याने कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले. झाकण उघडलं की पांढरी वाफ बाहेर सांडायची आणि जमिनीवरून सरपटत माझ्या पायांशी यायची, घोट्यांना गार लागायची. तो नंबर वाचायचा, मी दाराशी लॅपटॉप घेऊन लिहायची. टाकी, फळी, खण, नंबर. पांढऱ्या पानावर एक ओळ आली, मग दुसरी. प्रत्येक नंबर म्हणजे कुठेतरी जेवत असलेलं, झोपलेलं, बसची वाट बघत असलेलं एक माणूस, आणि त्या प्रत्येकाला कुणीतरी सांगितलं होतं, सगळं आहे. काही पिशव्यांचे नंबर बर्फाने खाल्लेले होते. टाकीवाला पुसायचा, पुन्हा पुसायचा, मग मान हलवून परत सोडायचा. त्या ठिकाणी मी लिहायची, वाचता आला नाही. त्यातलीच एखादी त्यांची असेल तर? मी ते तोंडाने बोलले नाही. त्यालाही तेच वाटत असणार, कारण तसली प्रत्येक पिशवी सोडताना तो माझ्याकडे बघत नव्हता. साहेब येऊन गेले, कंपनीकडेही प्रत नाही म्हणाले, काही विनोद केला नाही. होईलराव चहा घेऊन आले आणि म्हणाले, "मी थोडा वेळ लिहू का?" "नको." पहिली टाकी संपली. बाई त्यात नव्हत्या. वाचता न आलेल्या ओळी मी पिवळ्या करून ठेवल्या. बऱ्याच होत्या.

दुसऱ्या टाकीचं झाकण उघडलं तेव्हा फोन वाजला. हात गारठले होते, मी तो खांद्यात धरला. "निघालीस का गं?" आई. "उशीर होईल." "का? सगळं ठीक ना?" समोर वाफ येत होती. खरंच, किती सोपं होतं! एक अक्षर. तिने गोळी घेतली असेल, मालिका लागायची वेळ, कशाला तिच्या जिवाला घोर लावायचा, घरी गेल्यावर सांगू. सगळं आयतं तयार होतं घशात. "आई," मी म्हटलं. "नाही गं. काहीच ठीक नाही." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "थांब," आई म्हणाली, "गॅस बंद करते." चपला फरफटल्या, टीव्ही गप्प झाला, खुर्ची ओढली. ती बसली ते मला कळलं, बसताना ती अशीच उसासते. "हं," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सांग आता. सगळं सांग."

"हीही नाही," टाकीवाला म्हणाला आणि पुढची उचलायला वाकला. मी तो नंबर लिहिला आणि आईला पहिल्यापासून सांगायला लागले.